उरलेला भात सकाळी गरम करण्याआधी रात्री काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी नागपुरात येऊन तुम्ही आणि तुमचा मित्र खोली करून राहता. रात्री नऊच्या सुमारास कुकर लावता. उरलेला भात त्याच डब्यात झाकून ओट्यावर राहतो. सकाळी त्याचा फोडणीचा भात करून दोघांचे डबे भरता. मागच्या आठवड्यात दुपारी डबा खाल्ल्यावर दोन-तीन तासांतच मित्राला उलट्या सुरू झाल्या. भात कढईत चांगला परतला होता, वास-चव ठीक होती, मग हे कशानं झालं? फ्रिजमध्ये ठेवला तर भात टणक होतो. घरी आई तर नेहमी बाहेरच ठेवते आणि कुणाला काही होत नाही. मग भात गरम करायची बरोबर पद्धत कोणती?

मी नागपुरातच एका वसतिगृहाच्या मेसचं स्वयंपाकघर सांभाळते आणि तिथे नव्यानं लागणाऱ्या स्वयंपाक्यांना शिकवते. भात दोन्ही वेळा शिजतो आणि रोज थोडा तरी उरतोच, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. तुम्ही गरम करण्याबद्दल विचारलंय, पण बिघाड त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. जेवण आटोपल्यावर भात किती लवकर गार झाला, यावर तो सकाळी खाण्याजोगा आहे की नाही हे ठरतं. सकाळच्या गॅसवर त्यात फारसं काही बदलता येत नाही. मित्राला त्रास भातानंच झाला असं मी इथून ठामपणे सांगू शकत नाही. मे महिन्यात नागपुरात उलट्या व्हायला ऊन, पाणी, बाहेरचं खाणं अशी बरीच कारणं असतात. तरी तुम्ही सांगितलेला क्रम शिळ्या भाताच्या त्रासाशी जुळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

या त्रासामागच्या जिवाणूचं नाव बॅसिलस सिरियस. तो मातीत राहतो, धानाच्या बांधीत असतो, आणि तिथून तांदळासोबत घरात येतो. तांदूळ कितीही धुतला तरी तो पूर्णपणे जात नाही. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणूंच्या रूपात जातो, म्हणजे बियाण्यासारखा निपचित पडून राहतो. उघड्या गंजात भात शिजवला तर पाणी 100 अंशांपर्यंत तापतं, आणि तेवढ्यात हे बीजाणू मरतीलच असं नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे बरेचसे मरतात. पण झाकण काढल्यावर वाढायचा चमचा, हात, ओट्यावरचं फडकं यांतून नवे येऊन पडतातच. म्हणून कुकरचा भात आहे या भरवशावर राहू नका.

शिजलेला भात कोमट झाला, की बीजाणूंना ओलावा, ऊब आणि पिष्ट असं सगळं एकदम मिळतं आणि जिवाणू वाढायला लागतात. साधारण 30 अंशांच्या तापमानात शिजलेल्या भातात त्यांची संख्या अर्ध्या तासाला दुप्पट होऊ शकते. रात्री नऊ ते सकाळी सात हे दहा तास, म्हणजे वीस वेळा दुप्पट. कागदावर हिशेब मांडला तर एकाचे दहा लाख होतात. प्रत्यक्षात सुरुवातीला वेग कमी असतो, शेवटीही मंदावतो, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

नुसते जिवाणू वाढले असते तर सकाळी परतताना ते मेले असते आणि विषय संपला असता. पण वाढताना त्यांच्या काही जाती सिरियुलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष 121 अंशांना दीड तास तापवलं तरी टिकतं. तुमची कढई, मायक्रोवेव्ह, कुकरच्या चार शिट्ट्या, यांतल्या कशानंही ते जात नाही. त्याला वास नाही, चव नाही. भात आंबूस लागणं, तार सुटणं हे वेगळ्या जिवाणूंचं काम आहे. ती लक्षणं दिसली तर भात टाकायचाच, पण ती दिसली नाहीत म्हणून भात चांगला असं म्हणता येत नाही. या विषानं होणारा त्रास खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतो, आणि त्यात मुख्यतः मळमळ आणि उलट्या असतात. याच जिवाणूमुळे जुलाबाचाही एक प्रकार होतो, तो उशिरा, सहा ते पंधरा तासांनी सुरू होतो.

तुमची फ्रिजबद्दलची तक्रारही नवी नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होण्याचे प्रकार घडले, आणि भाताचा या जिवाणूशी असलेला संबंध तिथेच ठळकपणे पुढे आला. तिथले स्वयंपाकी भात आदल्या दिवशी उकडून बाहेर ठेवत आणि मागणी आली की परतून देत. बाहेर का ठेवत, तर फ्रिजमध्ये शितं एकमेकांना चिकटतात आणि परतताना मोकळी होत नाहीत. अगदी तुम्ही दिलेलं कारण. त्यांचा भातही कढईतून वाफाळताच निघायचा.

आता थंड करण्याबद्दल, कारण खरं काम इथेच आहे.

आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला मी एक गोष्ट करून दाखवते. जेवणं आटोपल्यावर झाकून ठेवलेल्या गंजातल्या भाताला वरून हात लावायला सांगते. गार लागतो. मग डाव उभा खुपसून तळाजवळचा, मधला भात काढते आणि त्याच्या तळहातावर ठेवते. तो चांगला ऊन असतो. झाकणाच्या आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब ओघळलेले असतात आणि कडेचा भात त्यानं चिकट झालेला असतो. भात उष्णता फार हळू सोडतो. ढीग जितका जाड, तितका मधला भाग जास्त वेळ कोमट राहतो, आणि कोमट हीच जिवाणूंच्या सोयीची अवस्था आहे. तुमचा कुकरचा डबा गंजापेक्षा लहान आहे, तो दोन-तीन तासांत निवत असेल. पण निवून निवून किती निवेल? स्वयंपाकघराची हवा असेल तितकाच. मे महिन्यात नागपुरात दिवसा पारा 45 अंशांपर्यंत जातो, भिंती तापलेल्या असतात, आणि रात्रीसुद्धा बंद स्वयंपाकघर तिशीच्या खाली सहज येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात ओट्यावरचा भात रात्रभर जिवाणूंना हव्या त्याच तापमानात बसून असतो.

म्हणून जेवायला बसण्याआधीच उद्याचा भात वेगळा काढा. सगळ्यांच्या उष्ट्या हातांतून आणि चमच्यांतून फिरून उरलेला भात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कोरड्या, स्वच्छ परातीत तो साधारण इंचभर जाडीचा पसरा. ढेकळं डावानं हलकेच मोडा, शितं ठेचू नका. वर जाळी घाला आणि परात पंख्याखाली ठेवा. थंडीत वीस मिनिटांत काम होतं. उन्हाळ्यात पंख्याची हवाच गरम असते, तेव्हा मोठ्या थाळीत बर्फ घातलेलं पाणी घेऊन त्यावर परात ठेवा आणि भात दोन-तीनदा खालीवर करा. वाफ निघणं थांबलं आणि हाताला साधारण गार लागला, की पसरट डब्यात भरून सरळ फ्रिजमध्ये ठेवा. हे सगळं तासाभरात व्हायला हवं. ब्रिटनची अन्न संस्थाही भात शक्यतो तासाभरात थंड करायला सांगते. अमेरिकेत एरवी दोन तासांची मुभा आहे, पण हवा 32 अंशांच्या वर असेल तर तिथेही एकच तास. आपल्याकडे मार्चपासून तोच नियम धरलेला बरा.

गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये, हे आपण सगळ्यांनी घरी ऐकलेलं असतं. त्यात तथ्य इतकंच, की वाफाळता भरलेला गंज आत ठेवला तर शेजारचं दूध-दही तापतं आणि गंजाचा मधला भाग तरीही तासन्‌तास गरम राहतो. पण पातळ थरात पसरलेला, किंचित कोमट भात आत गेल्यानं काही बिघडत नाही. पूर्ण गार होईपर्यंत थांबू म्हणून झोप लागली आणि भात सकाळपर्यंत बाहेर राहिला, हेच बहुतेक घरांत होतं. डब्याचं झाकण पहिला अर्धा तास सैल ठेवा, म्हणजे आत पाणी सुटत नाही. डबा दारातल्या कप्प्यात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा, आणि त्यावर दुसरे डबे रचू नका.

फ्रिज खरोखर किती थंड आहे हेही एकदा बघा. आत 5 अंशांच्या खाली असायला हवं. एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्न सुरक्षा संस्था, तिनं खाद्य व्यावसायिकांसाठी घातलेला दंडकही थंड अन्न 5 अंशांपर्यंत ठेवायचा आहे. गरम ठेवायचं अन्न मात्र 60 च्या वर असायला हवं. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी दार सारखं उघडतं, त्यात खचाखच भरलेला जुना फ्रिज असेल तर आत त्यापेक्षा बरंच जास्त तापमान असू शकतं. फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा तापमापक फार महाग नसतो. लाइट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर तो भात खाऊ नका.

किती दिवस ठेवायचा याबद्दल वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात आणि लोक गोंधळतात. ब्रिटनमध्ये चोवीस तास सांगतात, अमेरिकेत तीन-चार दिवस. दोन्हीकडे लवकर थंड केलेला आणि नीट चालणाऱ्या फ्रिजमधला भात गृहीत धरलेला आहे. आपल्याकडच्या विजेचा आणि फ्रिजचा अनुभव बघता मी एक दिवसच सांगते: आज रात्रीचा भात उद्या रात्रीच्या जेवणापर्यंत. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा कुणी आजारी असेल तर उद्या दुपारपर्यंतच. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर गार झाल्याबरोबर एकेका जेवणापुरत्या चपट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर चांगल्या राहतात, आणि फ्रिजमधल्या भातापेक्षा त्या जास्त मऊ निघतात.

असं का, हे कळलं की तुमची टणक भाताची तक्रार सुटते. शिजताना तांदळातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं. गार झाल्यावर त्याचे कण पुन्हा जवळ येऊन घट्ट बसायला लागतात आणि शीत कडक होतं. फ्रिजमधल्या शून्य ते पाच अंशांच्या टप्प्यात हे सगळ्यात वेगानं घडतं. फ्रीझरमध्ये भात पटकन गोठला तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. हा कडकपणा म्हणजे भात वाळला किंवा बिघडला असं नाही. वाफ आणि थोडं पाणी मिळालं की बहुतेक मऊपणा परत येतो. एचएमटी किंवा जय श्रीरामसारखा बारीक, जुना तांदूळ असेल तर तो अलगद मोकळा होतो. चिन्नोर किंवा नवा तांदूळ मुळातच चिकट, त्याची ढेकळं होतात. ती गार असतानाच ओल्या हातानं मोडून घ्या.

वरण-भातासाठी साधा भात हवा असेल तर वाफवणं सगळ्यात चांगलं. इडलीपात्रात किंवा कुकरमध्ये शिटी न लावता, तळाला पाणी उकळल्यावर भाताचा डबा ठेवा, भातावर पाण्याचा हबका मारा, आणि आठ-दहा मिनिटं चांगली वाफ द्या. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर भाताला दोन चमचे पाणी, वर सैल झाकण, मध्ये एकदा काढून खालीवर करणं आणि शेवटी मिनिटभर तसंच झाकून ठेवणं, एवढं पाळा. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. कडेला चटका बसतो तेव्हा मध्ये गार असू शकतं. मधल्या भागानं 75 अंश गाठायला हवेत. तापमापक नसेल तर मधोमध चमचा घालून उलटा; तिथूनही वाफ निघाली पाहिजे. विष यानं जात नाही, हे वर सांगितलंच. पण फ्रिजमध्ये नीट राहिलेल्या भातात जे थोडे जिवाणू उरले असतील त्यांचा बंदोबस्त होतो. एकदा गरम केलेला भात परत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्यांदा गरम करू नका; लागेल तेवढाच बाहेर काढा.

फोडणीच्या भाताला तर फ्रिजमधलाच भात उत्तम, कारण गार शितं कोरडी असतात आणि कढईत तुटत नाहीत. फक्त एक चूक बहुतेक ठिकाणी होते. मोहरी तडतडली, कांदा, मिरची, हळद पडली, मग भात घालून सराट्यानं दोन मिनिटं हलवला की झाला, असं समजतात. तेलाचा चर्र आवाज येतो, रंग चढतो, पण ढेकळाच्या आत भात गारच असतो. भात घातल्यावर पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, मंद आचेवर पाच मिनिटं वाफ येऊ द्या, आणि मगच झाकण काढून मोठ्या आचेवर परता. लिंबू आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी.

आईकडे काही होत नाही, तेही खोटं नाही. प्रत्येक भातात विष तयार करणारीच जात असते असं नाही, आणि असली तरी दरवेळी त्रास होण्याइतकं विष साचत नाही. घरच्या बाईला माणसांचा अंदाज असतो, त्यामुळे भात उरतोच मूठभर. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर दहा-बारा अंश असतात, तेव्हा ओट्यावरच्या भाताला धोका पुष्कळच कमी असतो. काही घरांत उरलेला भात पाण्यात किंवा ताकात घालून ठेवतात. तो आंबला की त्यातल्या आम्लतेमुळे या जिवाणूची वाढ रोखली जाते, पण आंबट व्हायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात काय होईल हे दर घराच्या भांड्यावर आणि हवेवर अवलंबून असतं. ज्यांच्या घरी ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे त्यांना मी अडवत नाही, पण खोलीवर राहणाऱ्या दोघांनी मे महिन्यात ती नव्यानं सुरू करू नये. आणि जुन्या घरांत पोट बिघडलं की ऊन लागलं म्हणायचे, भाताकडे कुणी बोट दाखवत नसे, हेही लक्षात असू द्या.

कॅसरोलबद्दल मुद्दाम लिहिते, कारण बऱ्याच घरांत भात सुरक्षित राहावा म्हणून त्यात ठेवतात. तासाभरात जेवायचं असेल तर ठीक. पण रात्रभर ठेवलात तर भात 60 अंशांच्या खाली उतरतो आणि मग तासन्‌तास कोमटच राहतो. उघड्या परातीपेक्षाही वाईट. विजेच्या राइस कुकरमधली गरम ठेवण्याची सोय 60 अंशांच्या वर राहत असेल तर काही तास चालते, मात्र त्यात गार भात घालून गरम करायला बघू नका, तो फार हळू तापतो.

हेच तुमच्या डब्यालाही लागू आहे, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नात न आलेली मोठी गोष्ट हीच. सकाळी आठला कढईतला गरम भात डब्यात दाबून भरला, झाकण लावलं, उन्हातून गाडीवर नेला आणि दीड वाजता खाल्ला. म्हणजे रात्रीच्या दहा तासांवर आणखी साडेपाच तास तो भात कोमट राहिला. रात्रीचं नीट सांभाळलंत आणि हे तसंच ठेवलंत तर अर्धंच काम झालं. ऑफिसात फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असेल तर फ्रिजमधला भात सकाळी न तापवता, गारच, बर्फाच्या थैलीसोबत न्या, पोचल्याबरोबर तिथल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवताना एकदाच तापवा. फोडणी हवीच असेल तर ती रात्री घालून, तसाच पसरून थंड करून ठेवा. तिथे फ्रिज नसेल तर मार्च ते सप्टेंबर डब्यात पोळी-भाजी न्या, आणि फ्रिजमधला भात वाफवून सकाळी घरीच नाश्त्याला संपवा.

मित्राला अजून बरं वाटत नसेल तर ओआरएस थोडं थोडं, घोट-घोट द्या. असा त्रास साधारण दिवसभरात ओसरतो. पाणीही पोटात राहत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, ताप किंवा रक्त दिसत असेल, डोळे-त्वचा पिवळी वाटत असेल किंवा तो गुंगीत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्यानं काय खाल्लं होतं, ते किती वेळ बाहेर होतं, हे त्यांना स्पष्ट सांगा.

आज ओट्यावर रात्रीचा भात असेल तर तो टाकून द्या. अन्न टाकताना जीव तुटतो, मेसमध्ये माझाही तुटतो, म्हणून तांदूळ मोजून घ्यायची सवय लावा: दोघांच्या एका वेळच्या जेवणाला मध्यम आकाराची एक वाटी पुरते, आणि सकाळी ताजा भात लावायचा झाला तरी कुकरला अर्धा तासही लागत नाही.